डफडे कुणाचे, मंच कुणाचा?

मार्च महिना लागला की पारोळ्यात आमच्या पोरांत एकच चर्चा सुरू होते. यंदा डीजे कुठला? धुळ्याचा, मालेगावचा, की थेट नाशिकहून आणायचा? बेस किती, टॉप किती, लेझर आहे की नाही? वर्गणीची पावतीपुस्तके छापून येण्याआधी डीजेवाल्याच्या हातात इसार पडलेला असतो. व्याख्यात्याला मात्र एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात फोन जातो आणि त्याच्या मानधनाचा विषय निघाला की सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघतात.

हे आम्ही टोमणा मारायला लिहीत नाही. त्या मिरवणुकीत आम्हीही नाचलो आहोत, दुसऱ्या दिवशी कानात शिट्टी वाजत असताना कामावरही गेलो आहोत. "आपली जयंती शे भो, आवाज व्हवालेच पाहिजे" असे कुणी म्हटले की त्याला गप्प बसवावे असे आम्हाला वाटत नाही, कारण त्या वाक्यात इतिहास आहे. आपल्याच पूर्व खान्देशातल्या चाळीसगावात २३ ऑक्टोबर १९२९ रोजी बॅरिस्टर आंबेडकरांना टांगेवाल्यांनी टांगा हाकायला नकार दिला होता. शेवटी वस्तीतला टांगा हाकण्याची सवय नसलेला माणूस पुढे बसला, पुलावर अपघात झाला आणि बाबासाहेबांच्या पायाचे हाड मोडले. 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये त्यांनी स्वतः हे लिहिले आहे. ज्या समाजाच्या नेत्याला रस्त्यावरून सरळ जाता आले नाही, त्या समाजाने वर्षातून एक दिवस रस्ता दणाणून सोडला तर त्यात नवल काय? 'झुंड' सिनेमात जयंतीच्या मिरवणुकीतला नाच पडद्यावर आला तेव्हा थिएटरात शिट्ट्या उगाच वाजल्या नव्हत्या.

आणि ज्यांना गणपतीत, नवरात्रात, लग्नाच्या वरातीत कधी कान दुखल्याचे आठवत नाही, त्यांना १४ एप्रिललाच डेसिबल आठवतात, हेही आम्ही बघतो. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे आहेत. रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा देव बघून बदलत नाही. मोजायचे तर बारा महिने मोजा.

तेव्हा डीजेवर आमचा आक्षेप आवाजाचा नाही. आक्षेप असा आहे की एवढ्या आवाजात आपण काय बोलतो? चार तास भिंतीएवढे स्पीकर वाजतात आणि त्यातून एक वाक्य धड ऐकू येत नाही. नाव बाबासाहेबांचे, ठेका कुठल्याशा रिमिक्सचा, आणि वर्गणीतला मोठा वाटा अशा माणसाकडे जातो ज्याला उद्या कुणाच्याही मिरवणुकीत तेच बेस लावायचे आहेत. आपल्या हातात काय राहिले? ना गाणे, ना वाद्य, ना वाजवणारा.

म्हणून यंदा आम्ही पोरांसमोर एका बँडचा विषय ठेवला. बँड मराठी नाही, चेन्नईचा आहे. नाव 'द कास्टलेस कलेक्टिव्ह'. मराठी आंबेडकरी तरुणांनी त्याची नीट ओळख करून घ्यावी असे आम्हाला वाटते, कारण आपण नव्वद वर्षे ज्या प्रश्नाभोवती घुटमळतो आहोत त्याला या लोकांनी मंचावर उभे राहून उत्तर दिले आहे.

६ जानेवारी २०१८ ला चेन्नईच्या किलपॉकमध्ये त्यांचा पहिला जाहीर कार्यक्रम झाला. मागे होते सिनेदिग्दर्शक पा. रंजित यांचे नीलम सांस्कृतिक केंद्र आणि संगीतकार तेन्मा. एकोणीस कलावंत, बहुतेक उत्तर चेन्नईच्या वस्त्यांतले. एका बाजूला गिटार, ड्रमसेट, रॅप. दुसऱ्या बाजूला पराई, सट्टी, कट्टमोलम आणि 'गाना'. गाना म्हणजे चेन्नईच्या दलित वस्त्यांत मयताच्या रात्री, प्रेताशेजारी बसून गायली जाणारी गाणी. सभ्य लोक ज्याला संगीत म्हणायलाही तयार नव्हते ते सगळे एका मंचावर आले आणि त्यांनी गायले काय? आरक्षण. गोमांस. बाबासाहेब. शबरीमलाच्या वादात बाईला देवळात का येऊ देत नाही, हा प्रश्न इसैवाणी या त्यांच्या गायिकेने थेट अय्यप्पालाच विचारला. त्या गाण्यावरून पुढे कित्येक वर्षे तिला शिव्या आणि धमक्या मिळत राहिल्या. बीबीसीने २०२० मध्ये जगातल्या शंभर स्त्रियांच्या यादीत तिचे नाव घेतले. मात्र सुरुवातीच्या त्या एकोणीस जणांत ती एकटीच बाई होती, हेही इथेच नोंदवून ठेवतो. चळवळीचे मंच या बाबतीत चेन्नईत आणि पारोळ्यात सारखेच.

बँडचे नाव कुठून आले ते तर मुद्दाम सांगायला हवे. अयोथी दास पंडितर (१८४५–१९१४) या तमिळ विचारवंताने १८९१ च्या जनगणनेत आपल्या लोकांना हिंदू म्हणून नाही, तर 'जातिरहित द्रविड' म्हणून नोंद करायला सांगितले होते. याच अयोथी दासांनी १८९८ मध्ये बौद्ध धम्म स्वीकारला आणि शाक्य बौद्ध संघ काढला, म्हणजे दीक्षाभूमीच्या अठ्ठावन्न वर्षे आधी. आपल्याकडच्या किती वाचनालयांत त्यांच्यावर एखादे पुस्तक आहे? उत्तर-दक्षिण असा भेद आपणही पाळतोच. असो.

आता मूळ मुद्द्यावर येऊ. पराई हे वाद्य पाहिले की आपल्या माणसाला ते ओळखीचे वाटते. लाकडाचे गोल कडे, त्यावर ताणलेले गाईचे कातडे, वाजवण्याआधी जाळावर शेकायचे, आणि दोन काड्या: एक आखूड जाड, दुसरी लांब बारीक. आपले डफडे, म्हणजे देशावरची हलगी, दुसरे काय आहे? कडे बहुधा लोखंडाचे आणि कातडे बकरीचे, एवढाच फरक. बाकी शेकणेही तेच, दोन हातातल्या दोन काड्याही त्याच. आणि त्या वाद्यापाठी चालत आलेले काम? तेही तेच. पराई वाजवणाऱ्यांना जातीचे नाव त्या वाद्यावरून मिळाले, परैयर. इंग्रजीत वाळीत टाकलेल्या माणसाला 'पराया' अर्थाचा जो शब्द आहे, तो ह्याच नावावरून गेला. मयत झाले की पराई, देवीची पालखी निघाली की पराई, दवंडी पिटायची की पराई. वाजवायचे यांनी, पण ओट्यावर चढायचे नाही. आपल्याकडे मातंगांच्या वाट्याला हलगी याच हिशेबाने आली. लग्नात नवरदेवापुढे सगळ्यात आधी चालणारा माणूस पंगतीत सगळ्यात शेवटी, आणि तोही लांब बसायचा.

अशा वाद्याचे करायचे काय? दोन उत्तरे आहेत आणि दोन्ही आपल्याच चळवळीतून आलेली आहेत.

पहिले उत्तर: टाकून द्या. महाडनंतर मेलेली ढोरे ओढणे बंद झाले, गावकीची कामे नाकारली गेली. १९२८ मध्ये बाबासाहेबांनी मुंबई कायदे मंडळात महार वतनाविरुद्ध विधेयक मांडले. ज्या कामाने माणसाचे माणूसपण जाते ते काम कितीही जुने, कितीही 'कलात्मक' असो, सोडायचे. तमाशाच्या फडातून मिळणारी पट्ठे बापूरावांची मदत बाबासाहेबांनी नाकारल्याची हकीकत आपल्याकडे सांगितली जाते, तीही याच भूमिकेतून. आपल्या बायकांना नाचवून आलेला पैसा चळवळीला नको. तमिळनाडूतही दलित कार्यकर्त्यांनी गावोगाव मयतीची पराई वाजवायला नकार दिला, त्यासाठी मार खाल्ला. या उत्तरामागे आम्ही आजही पूर्ण उभे आहोत. पारोळा तालुक्यातल्या कुठल्याही गावात आज एखाद्या मातंग घराला 'पिढीजात चाल आहे' म्हणून डफडे वाजवायला बोलावले जात असेल आणि नाही म्हटल्यावर गुरगुरले जात असेल, तर तिथे डफडे खाली ठेवणे हीच चळवळ.

दुसरे उत्तरही तेवढेच जुने आहे. भीमराव कर्डकांचा जलसा घ्या. १९३० च्या दशकात नाशिकपासून गावोगाव फिरलेला. तमाशातला गण ठेवला, पण गणपतीला नाही, गौळण टाकली, बतावणीत कृष्ण-पेंद्याच्या जागी सावकार आणि भटजी आणले. वाद्ये कुठली होती? ढोलकी, तुणतुणे, डिमडी, झांज. तमाशाचीच! त्यांनी वाद्य जाळले नाही. ते कुणासाठी, कुणापुढे आणि कुठल्या शब्दांसाठी वाजायचे, एवढे बदलले. बाबासाहेब जलशाला आपल्या दहा सभांच्या तोडीचा मानत असत, असे जुने कार्यकर्ते सांगत आले. वामनदादा कर्डक त्याच वाटेने गेले. मातंग समाजातून आलेल्या अण्णा भाऊ साठेंनी अमर शेख आणि गव्हाणकरांबरोबर लाल बावटा कलापथक उभे केले, ते १९४४ साल. विलास घोगरे एकतारी घेऊन मुंबईच्या वस्त्यांत गात होते. ११ जुलै १९९७ ला रमाबाई नगरात पोलिसांच्या गोळ्यांनी दहा माणसे मारली गेली आणि चार दिवसांनी घोगरेंनी गळफास घेतला. २००२ मध्ये पुण्यात उभ्या राहिलेल्या कबीर कला मंचाच्या हातातही डफ होता.

पहिले उत्तर सक्तीला आहे, दुसरे वाद्याला. दोन्हींची गल्लत केली की आपण एकतर कलावंताला गुलाम ठरवतो, नाहीतर गुलामीला परंपरा म्हणून हार घालतो. कास्टलेस कलेक्टिव्हचे मोठेपण आम्हाला इथे दिसते. पराई मयतीला वाजवणार नाही. मंचावर, गिटारच्या बरोबरीने, भाड्याने नव्हे तर मालकीने वाजवू, असे ते म्हणाले. पराईवाला तिथे साथीला मागे बसत नाही. मधोमध असतो.

शहरातल्या इंग्रजी पेपरांना अशा बँडसाठी गोड शब्द सापडतात: हटके, प्रयोगशील, अनवट वाद्यांचा मेळ. अनवट कुणाला? आमच्या आज्याच्या दारात खुंटीला लटकलेले वाद्य मुंबई-पुण्याच्या कॅफेत गेले की 'दुर्मीळ' होते. धारावीत कचरा वेचणाऱ्या घरांतल्या मुलांनी प्लास्टिकची पिंपे, पत्र्याचे डबे बडवून 'धारावी रॉक्स' नावाचा बँड केला, त्याचेही असेच कौतुक झाले. त्या पोरांनी पिंप वाजवले कारण ड्रमसेटला पैसे नव्हते. ती हौस नव्हती. कौतुक करणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवले तरी पुष्कळ.

कौतुक होते तेव्हा नाव कुणाचे छापले जाते, हा त्याच्या पुढचा प्रश्न. याच कलेक्टिव्हमधला अरिवू. २०२१ मध्ये 'एन्जॉय एन्जामी' हे गाणे देशभर गाजले. त्याने लिहिलेले, त्याने धी या गायिकेबरोबर गायलेले, श्रीलंकेच्या मळ्यांत राबून भूमिहीनच परतलेल्या त्याच्या आजीच्या आठवणींतून आलेले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये 'रोलिंग स्टोन इंडिया'ने मुखपृष्ठ केले, त्यावर दुसरे दोन कलावंत होते. अरिवू नव्हता. पा. रंजित यांनी जाहीरपणे विचारल्यावर आणि बोभाटा झाल्यावर मासिकाने त्याचे वेगळे डिजिटल मुखपृष्ठ काढले. म्हणजे जगभर गाजलेल्या गाण्याच्या कवीलाही दुसऱ्या पंगतीत बसावे लागले. मग पारोळ्याच्या मिरवणुकीत पुढे चालणाऱ्या डफडेवाल्याचे नाव बॅनरवर कोण टाकणार?

हा प्रश्न दुसऱ्यांना विचारण्याआधी स्वतःला विचारायला हवा, आणि आम्हाला वाटते इथेच आपली खरी अडचण आहे. आपल्या जयंतीत डीजेच्या आधी घटकाभर पारंपरिक वाद्य म्हणून हलगीवाले येतात. ते बहुतेक मातंग समाजाचे असतात. जयंती समितीत त्यांच्यातला कितीजण असतो? त्यांना सुपारी देताना आपण घासाघीस करतो, डीजेवाल्याशी करत नाही. ते वाजवून दमले की पाण्याची बाटली देतो आणि 'चला, आता तुम्ही सुटा' म्हणतो. सवर्ण गावाने त्यांच्याशी जे केले त्याच्याहून हे फार वेगळे आहे का? अण्णा भाऊंची जयंती १ ऑगस्टला, तेव्हा आपल्यातले किती जण त्यांच्या मिरवणुकीत जातात? २०२४ च्या १ ऑगस्टलाच सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांच्या पीठाने सहा विरुद्ध एक अशा मताने अनुसूचित जातींच्या उपवर्गीकरणाला वाट मोकळी केली. त्यानंतर दोन्ही समाजांत मोबाइलवर काय काय फिरले ते सगळ्यांनी वाचले आहे. त्या निकालावर आमच्यात मतभेद आहेत आणि ते इथे मिटणार नाहीत. पण ज्याच्याशी वर्षभर बोलणे नाही त्याला एका संध्याकाळी वाजवायला बोलवायचे आणि त्याला 'बहुजन ऐक्य' म्हणायचे, हे आम्हाला पटत नाही. एका बँडमध्ये मात्र ऐक्य खोटे करता येत नाही. ताल चुकला की सगळ्यांना कळतो. आठवड्यातून दोनदा शेजारी बसून तालीम करावी लागते, चहा प्यावा लागतो, एकमेकांच्या घरी जावे लागते.

वाद्यांची तर आपल्या खान्देशात वाण नाही. वरातीतला बँजो बघा. ज्याला आपण बँजो म्हणतो तो मुळात जपानी. १९१२ मध्ये नागोया शहरात गोरो मोरिता नावाच्या माणसाने टाइपरायटरसारख्या कळा बसवून 'ताइशोगोतो' केला, तो इकडे येऊन बुलबुलतरंग झाला, त्याला पिकअप लावून आपल्या पोरांनी लग्नाच्या गाडीवर चढवला. याहून मोठा 'फ्यूजन' कुठल्या महाविद्यालयात शिकवतात? त्याच्याबरोबर संबळ आहे, डिमडी आहे, जुन्या सोंगाड्या पार्ट्यांतले तुणतुणे आहे. सातपुड्यातली पावरी आहे. पण पावरी आदिवासींची. तिचे त्यांच्या जीवनात स्थान आहे, ती उचलून आणायची नाही. तो वाजवणारा माणूस आपल्याबरोबर उभा राहायला तयार असेल तर पावरी येईल, नाहीतर नाही. जो न्याय आपण 'रोलिंग स्टोन'कडे मागतो तोच आपल्यालाही लागू.

भाषा अहिराणी ठेवावी असे आमचे मत आहे. अहिराणीत आज यूट्यूबवर लग्नाची आणि प्रेमाची गाणी लाखोंनी ऐकली जातात, चांगली आहेत, आम्हीही ऐकतो. पण कापूस वेचणाऱ्या बाईची मजुरी, जात पडताळणीसाठी मारलेले हेलपाटे, शिष्यवृत्ती अडकली म्हणून कॉलेज सोडलेला पोरगा, हे अहिराणीत कुणी गायचे? चेन्नईच्या पोरांनी शुद्ध तमिळची वाट पाहिली नाही. वस्तीची बोली जशी होती तशी गायली.

काही जण विचारतील, पोलीस? प्रश्न खोटा नाही. कबीर कला मंचाच्या कलावंतांना एल्गार परिषद प्रकरणात २०२० मध्ये अटक झाली, हे सगळ्यांना माहीत आहे. गाण्याला हे सरकार घाबरते आणि डीजेला घाबरत नाही, यातून काय ते समजून घ्या. तरी सुरुवातीला परवानगीचा अर्ज, वेळेचे बंधन, सगळे कागदावर ठेवावे. वकील मित्र आपल्यात आहेत. दुसरा प्रश्न येईल पैशाचा. डीजेला जातो त्याचा निम्मा पैसा बाजूला काढला तर दोन हलग्या, एक ढोलकी, एक जुना बँजो, एक माईक येतो. उरलेल्यातून वाजवणाऱ्याला तालमीचे मानधन द्यायचे. फुकट वाजवायला सांगणे ही वेठच, मग ती निळ्या झेंड्याखाली का असेना.

तिसरा प्रश्न कुणी विचारला नाही, तो आम्हीच विचारतो: मुली? जयंतीच्या मिरवणुकीत त्या कडेने चालतात, कारण मध्ये नाचणारे पोरगे शुद्धीत असतीलच असे नाही. तालीम दिवसा, समाजमंदिरात, दारे उघडी ठेवून घेतली तर त्या येतील. पहिल्या दिवसापासून किमान निम्म्या जागा त्यांच्या. आणि फक्त कोरसला नाही. ढोलकी एखाद्या मुलीच्या गळ्यात अडकवून बघा.

आम्ही काही जणांनी ठरवले आहे की पहिला कार्यक्रम १४ एप्रिलला करायचा नाही. त्या दिवशी डीजेशी स्पर्धा करून कुणाचेच ऐकू येणार नाही, आणि घाईत केलेली तयारी उघडी पडते. ३१ जुलैला करायचा. १९३७ मध्ये याच तारखेला बाबासाहेब धुळ्याला आले होते आणि लळिंगच्या कुरणातल्या लांडोर बंगल्यावर थांबले होते. दरवर्षी तिथे भीमस्मृती यात्रेला खान्देशभरातून माणसे येतात, डब्यात भाकरी बांधून, लेकरे खांद्यावर घेऊन. ते लोक ऐकायला आलेले असतात. तिथे चार गाणी, तीही आपली लिहिलेली, आणि प्रत्येक गाण्याआधी वाजवणाऱ्याचे नाव-गाव माईकवर सांगायचे.

एक अडचण जाणत्या हलगीवाल्यांनी आधीच सांगून ठेवली आहे. जुलैच्या ओल्या हवेत कातडे ढिले पडते, आवाज बसतो, दर दोन गाण्यांनंतर शेकावे लागते. तेव्हा कोळशाची शेगडी, कोरडा कोळसा आणि वर धरायला एक ताडपत्री लागेल. ज्याच्याकडे असेल त्याने सांगावे.